मदत हवी आहे: पीएचडीत स्वतः सादर केलेली लावणी 'संशोधन' म्हणून कशी मांडायची?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, रजिस्ट्रेशन मात्र बाहेरच्या विद्यापीठात आहे, नाव राहू दे. विषय बैठकीच्या लावणीतली, म्हणजे बसून गात अभिनय करतात त्या लावणीतली, अदाकारी. दुसरं वर्ष चालूय आणि पार अडकलेय म्हणून जरा सविस्तर लिहिते, सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी गड्ड्याची यात्रा उलगली आणि मी आमच्याच जिल्ह्यातल्या मोडनिंबला जायला लागले, संगीतबारीतल्या (लावणी सादर करणाऱ्या बायकांच्या फडातल्या) एका ज्येष्ठ मावशींकडे. आधी फक्त मुलाखती घ्यायच्या असंच ठरवलेलं. चौथ्या भेटीत त्यांनी एकच ओळ धरली, बसल्या जागी, पेटीवाले तीच ओळ परत परत वाजवतायत आणि मावशी दर फेरीला काहीतरी वेगळं करतायत, एकदा नुसती भुवई, एकदा पदराचं टोक बोटाला गुंडाळत मान खाली, आणि एकदा तर काहीच नाही, फक्त मधल्या शब्दावर श्वास धरला आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सोडला. शब्द तेच. पण पहिल्यांदा तो लाड वाटला, दुसऱ्यांदा रुसवा, आणि तिसऱ्यांदा असं वाटलं की तो परत येणार नाहीये हे तिला कळून चुकलंय. मी खाली मान घालून लिहीत होते तर म्हणाल्या, "लिहून काय घेतीस बाई, करून बघ की." तेव्हापासून शिकायलाच बसले. करायला लागल्यावर कळलं की तो श्वास धरणं हा भाव नाहीच आधी, ती लयीची गोष्ट आहे, श्वास तिथं नाही धरला तर सम गाठताना डोळे उशिरा वळतात. हे बघून मला जन्मात कळलं नसतं.

तर सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, मी लिहिलं की प्रबंधाचा एक भाग म्हणजे माझं स्वतःचं सादरीकरण. आरएसी (संशोधन सल्लागार समिती) मीटिंगमध्ये म्हणाले हे प्रात्यक्षिक झालं, संशोधन कुठाय, व्हिडिओ परिशिष्टात टाका आणि लावणीचा इतिहास वाढवा. आता इतिहास मलाही प्रिय आहे, शाहीर रामजोशी आमच्या सोलापूरचेच, पण पेशवाईपासून सुरू करून दोनशे पानं भरली तरी मावशींचा तो श्वास कुठल्याच पानावर येणार नाही. पंधरा दिवसांत सुधारून द्यायचंय. असं काम कुणी केलंय का? कसं मांडलं? नोंदी कशा ठेवल्या? गाईड चांगले आहेत पण साहित्याचे आहेत, ते म्हणतात तू आधार आण, मी पाठीशी उभा राहतो.

प्रतिसाद १

ताई, मी नाटकात केलंय, दिग्दर्शनावर. आधार हवा असेल तर क्रिस्टोफर फ्रेलिंग यांचा १९९३चा निबंध बघा, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधला. कलेविषयीचं संशोधन, कलेतून होणारं संशोधन आणि कलेसाठीचं संशोधन अशी फोड त्यांनी केलीय, तुमचं दुसऱ्या प्रकारात बसतं. ब्रिटनमध्ये असे प्रबंध कित्येक वर्षं होतायत, तिथं सादरीकरण आणि सोबत लेखी भाग असं दोन्ही मिळून तपासतात.

पण खरं सांगू का, कमिटीचं अगदीच चूक नाहीये. 'मी लावणी सादर करणार' हा संशोधनाचा प्रश्न होत नाही. प्रश्न असा पाहिजे की जो केल्याशिवाय सुटतच नाही, आणि तो तुम्ही वर लिहूनच टाकलाय: बैठकीच्या अदाकारीत श्वास आणि लय मिळून अर्थ कसा बदलतात? हाच सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर घ्या. मग तालीम ही तुमची पद्धत झाली आणि सादरीकरण हा निष्कर्षाचा भाग.

नोंदी आजपासून तारखेसकट ठेवा, आठवून लिहिलेल्या चालत नाहीत. भातखंडे लिपीत (संगीत लिहून ठेवायच्या पद्धतीत) सूर-ताल येतील, नजर येणार नाही, म्हणून मी साधे रकाने पाडायचो: ओळ, कितवी फेरी, नजर, हात, श्वास, आणि शेवटी आज काय नव्यानं कळलं. चुकलं ते जास्त लिहा. कॅमेरे दोन, एक पूर्ण बैठक दिसेल असा, एक फक्त चेहऱ्यावर. आणि व्हिडिओ कुठं जपून ठेवणार ते लायब्ररीत आत्ताच विचारून ठेवा, कारण शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, प्रबंधाची पीडीएफ जाते, त्यात तुमचा श्वास दिसणार नाही.

घाबरू नका, २०२२च्या यूजीसी नियमात कमाल मुदत ६ वर्षं आहे, बायकांना वर २ वर्षांची सवलत. वेळ आहे तुमच्याकडे.

प्रतिसाद २

वरच्यांनी छान सांगितलंय, मी एकच भर घालते, मी लोककलांच्या रेकॉर्डिंगचं काम करते. मावशींची परवानगी घेतलीय का? फॉर्मवर अंगठा नको, त्यांच्या भाषेत समजावून सांगून होकार रेकॉर्ड करा, आणि चेहरा दिसलेला चालेल का, नाव घालायचं का, हे वेगळं वेगळं विचारा. संगीतबारीतल्या बायकांनी लोकांच्या नजरा फार सोसल्यात, कुणाच्या मुली बाहेरगावी शिकतात, तिथं कुणाला माहीत नसतं. बिदागी दर भेटीला द्या, पेटीवाल्यांना अन् तबलजींनासुद्धा. आणि ती श्वासाची जागा मावशींची आहे हे प्रबंधात ठळक लिहा, 'एका माहितीदारानुसार' असलं लिहू नका, त्या गुरू आहेत.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. बिदागी देत होते पण परवानगी नुसती तोंडी होती, रेकॉर्ड केलेली नाही, ही चूक झाली. रविवारी सकाळच्या एसटीनं मोडनिंबला जातेय, आधी तेच विचारणार. त्यांनी चेहरा नको म्हटलं तर काय करायचं ते मात्र कळत नाहीये, कारण सगळं चेहऱ्यावरच आहे. त्यांच्याऐवजी फक्त माझा चेहरा दाखवून, मी शिकताना कुठं चुकते आणि त्या कशा दुरुस्त करतात हा त्यांचा नुसता आवाज ठेवला तर परीक्षक मान्य करतील का? असं कुणी केलं असेल तर प्लीज लिहा.