मदत हवी आहे: एफपीजीएवर एन्कोडरची मोजणी चुकतेय, पत्र्याचं माप बिघडतंय

वाळूजकर:
पत्रा मापात कापायच्या लाईनला लॅटिसच्या आइस४० एचएक्स१के या एफपीजीए (आतलं सर्किट कोडने ठरवता येणारी चिप) बोर्डावर लांबीचा काउंटर केलाय. क्लॉक १२ मेगाहर्ट्झ. मोजचाकाचा घेर २०० मिमी, त्यावरचा एन्कोडर (फिरण्याचे पल्स देणारा सेन्सर) फेऱ्याला १००० पल्सचा, २४ व्होल्टचा. त्याचे ए-बी हे दोन सिग्नल पीसी८१७ ऑप्टोतून (प्रकाशाने सिग्नल पोचवणारी, वीज वेगळी ठेवणारी चिप), पुल-अप (लाईन वर ओढून धरणारा रेझिस्टर) १० के. व्हेरिलॉग कोडमध्ये ए चीच चढती कड क्लॉक म्हणून घेतलीय, बी बघून वर-खाली मोजतो. सावकाश चालवलं की माप बरोबर. मिनिटाला ६० मीटरला पत्रा लांब निघतो. कातरीचा कॉन्टॅक्टर (मोठा रिले) ओढला की आकडा उडी मारतो. ऑप्टो बदलू की कोड?

जालना_पॅनल:
दोन्ही. हे दोष वेगवेगळे आहेत. ६० मीटरला ५ किलोहर्ट्झ येतात, म्हणजे ए-बीच्या लागोपाठच्या कडांत फक्त ५० मायक्रोसेकंद. १० के वर पीसी८१७ बंद व्हायलाच तेवढा वेळ खाऊ शकतो. मग पल्स गळतात आणि पत्रा लांब. ६एन१३७ हा वेगवान ऑप्टो लावा: त्याच्या एलईडीला २४ व्होल्टवरून २.२ के रेझिस्टर, अर्धा वॅट, सुमारे १० मिलिअँपिअर. एलईडीला उलटा १एन४१४८ डायोड. चिपला ५ व्होल्ट द्या, पण आउटपुटचा १ के पुल-अप ३.३ व्होल्टलाच, आइस४० च्या पिना ५ व्होल्ट सोसत नाहीत. पिन ८ आणि ५ मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अगदी चिकटून.

लातूर_व्हीएलएसआय:
भाऊ, बाहेरून आलेला सिग्नल क्लॉक करू नका. चाक कडेवर थरथरलं तरी आकडा सरकतो, कॉन्टॅक्टरचा स्पाइकही पल्स ठरतो. ए-बी दोन्ही १२ मेगाहर्ट्झवर दोन-दोन फ्लिप-फ्लॉपमधून (क्लॉकच्या ठोक्यावर एक बिट धरणारं सर्किट) घ्या. ६४ नमुने सलग सारखे आले तरच बदल माना, साधारण ५ मायक्रोसेकंद. मग चारही कडा मोजा: ०.०५ मिमीला एक काउंट, आणि थरथर आपोआप वजा होते. ए-बी एकदम बदलले तर ती अशक्य स्थिती. तिचा वेगळा काउंटर ठेवून एलईडीवर दाखवा. तो पेटला तर दोष वायर, ऑप्टो किंवा फिल्टरमध्ये. न पेटता माप चुकलं तर आधी चाक घसरतंय का बघा.

जालना_पॅनल:
कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एक्स२ कपॅसिटरचा स्नबर (स्पाइक शोषणारी जोडणी) लावा. एन्कोडरची केबल ड्राइव्हच्या मोटर केबलसोबत एकाच ट्रेमध्ये नको.

वाळूजकर:
धन्यवाद. लाईट जाऊन आली की कातर क्षणभर ओढते, तेही यातलंच का?

लातूर_व्हीएलएसआय:
नाही. फ्लॅशमधून प्रोग्राम भरेपर्यंत पिना मोकळ्या असतात, आत हलका पुल-अप असतो. त्याने कातर ओढणारा मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) क्षणभर चालू होतो. त्याच्या गेटला १० के पुल-डाउन (खाली ओढून धरणारा रेझिस्टर) लावा. काउंटरही पुसला जातो, म्हणून लाईट आल्यावर पहिला तुकडा भंगारात टाकूनच शून्य पकडा.