मदत हवी आहे: मेक्सिकोत वायादोलिदला एक दिवस नुसतं निवांत राहायचंय

नमस्कार मंडळी, नाताळच्या सुट्टीत आम्ही ह्यूस्टनहून कानकूनला चाललोय, आईबाबाही आलेत पुण्याहून (अमेरिकेचा व्हिसा चालू असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, ते बघून झालंय). समुद्र झाला की युकातान राज्यातल्या वायादोलिद गावी मुक्काम, तिथून चिचेन इत्साचे जुने माया अवशेष बघणार आणि नंतरचा दिवस मी मुद्दाम मोकळा सोडलाय. गाडी नाही, गाइड नाही, रांगा नाहीत. पण नवरा म्हणतो एवढ्या जवळ एक-बालाम हे दुसरं माया अवशेषांचं ठिकाण आहे, सेनोते (जमीन खचून झालेली पाण्याची नैसर्गिक कुंडं) आहेत, नुसतं बसून काय करायचं? बाबांचा गुडघा कुरकुरतोय, आईला दुपारी आडवं व्हायला लागतंच, त्यामुळे मी काही ऐकणार नाहीये 😀

डोक्यात असं आहे की सकाळी ऊन चढायच्या आत काल्सादा दे लोस फ्रायलेस हा रंगीत घरांचा रस्ता, त्याच्या टोकाला सान बेर्नार्दिनोचा जुना मठ (१५५२ ते १५६० मधलं बांधकाम), मग झोप, संध्याकाळी मोठा चौक. बाबांना एवढं चालणं झेपेल का? गावातलं सासी सेनोते त्यांना बघता येईल का? आणि आई पक्की शाकाहारी, अंडंही नाही, तिला काय खायला घालू? दशम्या-चटणी नेतेच आहे पण किती पुरणार.

प्रतिसाद १:
ताई, आधी वार बघा. रविवारी मेक्सिकन लोकांना चिचेन इत्साला प्रवेश फुकट असतो, तोबा गर्दी. तेव्हा रविवार गावात काढा आणि चिचेन इत्सा मधल्या वारी, तेही सकाळी आठला दार उघडतं तेव्हाच. चौकात पांढरे जोडबाक आहेत, दोघं एकमेकांकडे तोंड करून बसतात, आईबाबांना तिथे बसवा आणि मार्केसिताची गाडी शोधा. लोखंडी साच्यात पातळ पीठ ओतून दाबतात, वर एडाम चीजचा कीस भुरभुरवून गरम असतानाच सुरळी करतात, हातात येईस्तोवर कडक होते. पिठात बहुतेक अंडं असतं, म्हणजे आईंना नाही, तुम्ही खा.

प्रतिसाद २:
नुसतं 'सिन कार्ने' (मांस नको) म्हणू नका, खुशाल चिकन आणून ठेवतात. 'सिन पोयो (चिकन नको), सिन मान्तेका' पण जोडा. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी, काळ्या बीन्समध्ये सर्रास असते, त्यामुळे पानुचो (बीन्स भरून तळलेली मक्याची पोळी) विचारल्याशिवाय नकोच. पापात्सुलेसवर (मक्याच्या पोळीच्या सुरळ्या) भोपळ्याच्या बियांचा सॉस बघून फसाल, आत उकडलेली अंडी असतात. आईंसाठी सिकिल पाक घ्या, भाजलेल्या भोपळ्याच्या बिया नि टोमॅटोची चटणीच ती, फक्त आबानेरो मिरची जपून. शिवाय लिंबू-तिखट लावलेली हिकामा (कच्चं खायचं कुरकुरीत कंद), पपई आणि मिळाला तर चिकू, तो मूळचा तिकडचाच.

प्रतिसाद ३:
रस्ता सपाट आहे, सावलीसावलीने गेलात तर बाबा आरामात पोचतील, परत येताना टॅक्सी करा. सासी चौकापासून जवळच आहे पण पाण्यापर्यंत पायऱ्या उतराव्या लागतात आणि त्या ओल्या असतात, गुडघेवाल्यांनी वरूनच बघावं. वर रेस्टॉरंट आहे, निवांत बसता येतं. पोहणाऱ्यांनी आधी शॉवर घ्यायचा, सनस्क्रीन लावून उतरायचं नाही. आणि नवऱ्याला कशाला अडकवताय, शेअर टॅक्सीने एकट्याला जाऊ दे की एक-बालामला, जेवायच्या वेळेपर्यंत परत येईल! बाकी एक लक्षात ठेवा, युकातानचं घड्याळ कानकूनपेक्षा एक तास मागे आहे, परतीची बस आणि विमान यांचा हिशोब त्याप्रमाणे करा.

धागाकर्ती:
घड्याळाचं बरं सांगितलंत, बस बुक करायचीच होती. नवऱ्याला एकटं पाठवायची आयडिया त्याला स्वतःलाच इतकी आवडली की मला जरा रागच आला. आता एकच राहिलं, चौकापासून चालत जाण्यासारखी, तळमजल्यावर खोली आणि अंगणात झोपाळा-हॅमॉक असं राहायचं ठिकाण कुणाला माहीत आहे का? जिने अजिबात नकोत.