पहिला एस : निव्वळ नशीब नव्हे
डिस्क गोल्फमध्ये टी-वरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, पहिल्याच फेकीत तुमची डिस्क बास्केटमध्ये, म्हणजेच एस! मनापासून अभिनंदन. तुमच्या पोस्टवर कुणीतरी 'हे निव्वळ नशीब' म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही. डिस्क बास्केटवर लटकणाऱ्या साखळ्यांना लागून भागत नाही, ती आत थांबावी लागते. फार जोरात गेली की साखळ्यांतून आरपार निघते, नाहीतर उसळून बाहेर पडते. २०२१ साली युटामधल्या जागतिक स्पर्धेत जेम्स कॉनराडने शेवटच्या होलवर २४७ फुटांवरून डिस्क थेट आत घातली आणि मग बरोबरी फोडण्यासाठीच्या प्लेऑफमध्ये पॉल मॅकबेथला हरवलं. तो एस नव्हता, पण कसब हेच. बरं, सोबतच्या खेळाडूंच्या त्या डिस्कवर सह्या घेतल्यात ना? नसतील तर लगेच घ्या, आणि तळ्याकाठच्या होलवर तीच डिस्क पुन्हा फेकू नका.