तर्कुतंतू की तुर्कतंतू?

नौपाडकर: दहावीतल्या लेकीच्या वहीत ‘तुर्कतंतू’ लिहिलंय. पेशी विभागताना गुणसूत्रं ज्या धाग्यांना चिकटतात ते. तिचा प्रश्न, यात तुर्कस्तान कुठून आलं? मी निरुत्तर.

वाशीकर: तुर्कांचा काडीचा संबंध नाही हो. मूळ शब्द तर्कु, म्हणजे सूत कातायची चाती. हिंदीतला तकुआ त्याच घरातला. शेवटचा उकार उडी मारून पुढे आला, एवढंच. गंमत म्हणजे प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काने निरुक्तात अक्षरांच्या उलटापालटीची जी उदाहरणं दिलीत, त्यात तर्कु आहेच. कृत् म्हणजे कातणे. त्यातल्या क आणि त यांनी जागा बदलल्या. हा शब्द जन्मापासूनच चुळबुळ्या! आजीच्या चरख्याची चाती आमच्या माळ्यावर अजून आहे. सूत भरलं की पोट फुगीर, टोकं निमुळती. पेशीतल्या या तंतूंच्या जुडीचा सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो तो आकार हाच.

नौपाडकर: मग ‘तर्कु’ लिहू दे का? मार्क गेले तर?

वाशीकर: वर्गात शिकवलंय तेच लिहू दे. भांडण बोर्डानंतर.

ऐरोलीकर: उकारापेक्षा मला ‘चिकटतात’ खटकलं. मी महाप्याच्या एका लॅबमध्ये गुणसूत्र तपासणी करते. गुणसूत्राच्या कमरेशी, गुणसूत्रबिंदूवर, कायनेटोकोर नावाचा प्रथिनांचा जुडगा असतो. तो तंतूचं टोक पकडतो. डिंक नव्हे, पकड. आणि ती सुटते. गुणसूत्राच्या दोन्ही जुळ्या भागांनी पेशीच्या एकाच ध्रुवाकडचे, म्हणजे एकाच टोकाकडचे, तंतू धरले तर ताण बसत नाही. ताण नसला की ऑरोरा बी हे एन्झाइम पकड सैल करतं, मग पुन्हा धरायचं. दोन्हीकडून ओढ लागली की पकड टिकते. 1969 मध्ये निकलस आणि कॉख यांनी नाकतोड्याच्या पेशीत बारीक सुईने गुणसूत्राला मुद्दाम ताण दिला, तर चुकीची पकडसुद्धा टिकून राहिली!

वाशीकर: म्हणजे लोकलमधल्या कडीसारखं?

ऐरोलीकर: थोडंफार. पण इथे तंतू पकडीतच विरत जातो, तरी हात सुटत नाही. आम्ही तर कोलसेमिड नावाचं रसायन टाकून तंतूच मोडतो. गुणसूत्रं मधेच खोळंबतात, मग स्लाइडवर 46 मोजत बसायचं.

नौपाडकर: लेकीने ‘चिकटतात’ खोडून ‘धरतात’ केलंय. तुर्क मात्र जागच्या जागी.