चर्चा धागा : चिठ्ठी नाही तर श्रीखंड नाही, ही कुठली कृतज्ञता?

मावळता (धागाकर्ता)
काल एका ताईंची पोस्ट वाचली आणि रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून लिहितोय. लांब होणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे जावं.

पोस्ट अशी : नवरात्रात घटाशेजारी त्यांनी आणखी एक मातीचं मडकं ठेवलं. नाव 'कृतज्ञतेचा घट'. मुलं दोन, एक सात वर्षांचं, एक चार. रोज संध्याकाळी दोघांनी एकेक चिठ्ठी टाकायची, आज मी कोणाचा आभारी आहे. धाकट्याची चिठ्ठी आई लिहून देणार. दसऱ्याला सोनं वाटण्याआधी सगळ्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या. इथवर ठीक. पुढे लिहिलंय की धाकट्याने दोन दिवस हट्टाने चिठ्ठी टाकली नाही, म्हणून दसऱ्याला त्याच्या पानात श्रीखंड वाढलं नाही. 'कृतज्ञतेलाही शिस्त लागते.' खाली बदामांचा पाऊस.

अहो, चार वर्षांचं पोर! सणाच्या दिवशी त्याच्या पानातलं गोड काढून घेतलं, आणि कशासाठी, तर त्याला आभार मानता यावेत म्हणून.

माझं लहानपण वाईचं. खंडेनवमीला आजोबा कोयता, पावशी, खुरपं, आजीची विळी, वडिलांची सायकल आणि आमची पुस्तकं असं सगळं पाटावर मांडायचे. हळदकुंकू, फूल. त्या दिवशी विळीला सुट्टी. भाजी आदल्या दिवशी चिरून ठेवलेली. पुस्तकांना सुट्टी म्हणून आम्हाला अभ्यासाला सुट्टी, त्यामुळे आम्ही भयंकर भक्तिभावाने फुलं वाहायचो. कोणी विचारलं नाही, 'विळीबद्दल तुला आज काय वाटलं?' पण आई त्या दिवशी विळीला हात लावत नाही, हे मला पस्तीस वर्षांनी आठवतंय. चिठ्ठी आठवली असती का?

आपल्याकडे हे सगळं होतंच. वसुबारसेला गाय-वासरू आहे, पोळ्याला बैल आहे, पाटीपूजन आहे. त्यावर आणखी मडकं कशाला?

खवचट
पोस्ट वाचून झोप लागली नाही म्हणता. म्हणजे रात्री मोबाइललाही सुट्टी नव्हती.

एडिसनकर
मावळता, 'आपल्याकडे होतंच' हे वाक्य पुण्यात बसून लिहायला सोपं आहे. आमच्याकडे न्यू जर्सीत दसरा बहुतेक वेळा कामाच्या दिवशी येतो. मग शनिवारी हॉलमध्ये साजरा होतो, आणि आपट्याची पानं सोनेरी कागदाची. पोळा मुलांना कसा दाखवू? मुलाने जवळून पाहिलेला बैल एकच, जत्रेतल्या पेटिंग झूमधला.

शाळेत मात्र नोव्हेंबर लागला की हाताचा पंजा कागदावर ठेवून टर्की पक्षी काढतात आणि प्रत्येक बोटावर कोणाचे आभार ते लिहितात. मला पूर्वी हसू यायचं. गेल्या थँक्सगिव्हिंगला, म्हणजे इथल्या आभाराच्या सणाला, मुलाने करंगळीवर लिहिलं, 'आजी, कारण ती परत जाताना रडत नाही.' माझी आई सहा महिने येते आणि जाते. विमानतळावर ती रडत नाही हे त्या पोराने पाहिलं होतं, मी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून मी पंजाला हसत नाही.

मावळता
करंगळीवाली गोष्ट पटली. पण ती टर्की काढली नाही म्हणून शाळेने कोणाचा डबा काढून घेतला नसेल ना?

उंबरठा
थँक्सगिव्हिंगचं कौतुक जपून करा. लिंकनने १८६३ मध्ये राष्ट्रीय दिवस जाहीर केला, चौथा गुरुवार १९४१ मध्ये कायद्याने पक्का झाला, आणि ज्या वाम्पानोआग या मूळनिवासी लोकांबरोबर १६२१ मध्ये एकत्र जेवल्याची गोष्ट सांगतात, त्यांचे वंशज आणि इतर मूळनिवासी १९७० पासून त्याच दिवशी प्लिमथला शोकदिन पाळतात. आभार कोणी कोणाचे मानायचे हा प्रश्न तिथे फार अवघड आहे.

एडिसनकर
माहीत आहे हो. मुलालाही सांगितलंय. म्हणून त्याने आजीचे आभार मानायचे नाहीत का?

आपटाप्रेमी
मूळ मुद्दा बाजूला राहिला तरी चालेल, पण त्या पोस्टमधला फोटो कोणी नीट पाहिला का? ताटात जी पानं आहेत ती आपट्याची नाहीतच. कांचनाची आहेत. दर वर्षी हेच. आपट्याचं पान लहान, जाडसर, हाताला खरखरीत. कांचनाचं मोठं आणि पातळ. बाजारात सोनं म्हणून गठ्ठे येतात त्यात कांचनच भरलेला असतो, आणि त्यासाठी रस्त्याकडेची झाडं अक्षरशः ओरबाडतात. आमच्या कोपऱ्यावरचं झाड दसऱ्याच्या पहाटे हिरवं होतं, नऊ वाजता खराटा. आणि ही मंडळी निसर्गाचे आभार मानणाऱ्या चिठ्ठ्या लिहिणार!

खवचट
एक चिठ्ठी कांचनालाही टाका. 'चुकून तुला तोडलं, आभारी आहे.'

गुरुजी ७३
पान आपट्याचं की कांचनाचं, यापेक्षा पानामागची गोष्ट विसरलात याचं वाईट वाटतं. अडतीस वर्षं प्राथमिक शाळेत पाटीपूजन केलं. एक आकडे जोडून काढलेली सरस्वती आजही डोळे मिटून काढीन. दर दसऱ्याला मुलांना कौत्साची गोष्ट सांगायचो. कौत्स शिकून झाला आणि वरतंतू गुरूंना म्हणाला, दक्षिणा काय देऊ? गुरू म्हणाले, तू केलीस ती सेवा पुष्कळ झाली, काही नको. हा ऐकेना. पुन्हा नको, पुन्हा ऐकेना. शेवटी गुरू चिडले आणि म्हणाले, चौदा विद्या शिकवल्या ना, मग आण चौदा कोटी सुवर्णमुद्रा! बिचारा रघुराजाकडे गेला, तर राजाने यज्ञात सगळं देऊन टाकलेलं, हातात मातीचं भांडं. मग कुबेरावर स्वारीची तयारी, मग सोन्याचा पाऊस. कौत्साने मोजून चौदा कोटी घेतले. उरलेलं लोकांनी आपट्याखाली लुटलं.

आता बघा, गोष्टीत शिष्य आभारासाठी हटून बसलाय आणि गुरू नको म्हणतोय. इथे आई हटून बसली आहे आणि पोर नको म्हणतंय. उलटं झालंय.

आपटाप्रेमी
गुरुजी, गोष्ट सुंदर. पण 'लुटलं' हाच शब्द लोकांनी धरून ठेवलाय. पूर्वी चार पानं घरी आणायचे, आता चार किलो. शाळेत मुलांना झाड दाखवत का नाहीत?

गुरुजी ७३
दाखवायचो. शाळेच्या आवारात लावलं होतं. मी निवृत्त झाल्यावर तिथे स्टेज बांधलं.

वावर
मी धाराशिवकडची, आता पुण्यात. झाडाबद्दल बोलता तर झेंडूबद्दलही बोला. २०२५ च्या सप्टेंबरात आमच्याकडं पाऊस असा पडला की सोयाबीन गेलं, झेंडू पाण्यात उभा राहून सडला. दसरा होता २ ऑक्टोबरला. भावानं वाचलेली पोती इथं आणली. मी त्याच्याबरोबर चौकात बसले होते. एक बाई आल्या, फुलं चाळून चाळून बघितली, भिजलीत म्हणाल्या, पन्नास रुपये कमी करा म्हणून घासाघीस केली. त्यांच्या लेकराच्या हातात शाळेत केलेला फलक, 'शेतकरी दादा, धन्यवाद.' भाऊ हसला. मला नाही हसू आलं.

चिठ्ठ्या लिवा नाहीतर नका लिवू. लेकरं वाचून शिकत नाहीत, बघून शिकतात.

मावळता
मी चारशे शब्दांत जे सांगत होतो ते तुम्ही एका ओळीत सांगितलंत. हेच मला मूळ पोस्टच्या ताईंना विचारायचं होतं. त्यांच्या यादीत 'कामाच्या मावशींचे आभार' होतं. छान. दसऱ्याला मावशींना सुट्टी होती का? चिठ्ठीत आहेत, पंगतीत होत्या का?

दोन पिल्लांची आई
ती पोस्ट माझी आहे. तुम्ही माझ्या घरात डोकावून बघितलंत का? मावशींना दसऱ्याला सुट्टी असते, दिवाळीला बोनस असतो, आणि हे मला कोणा अनोळखी माणसाला सांगावं लागतंय याचा संताप येतोय. भांडी आम्ही दोघं घासतो. तुमच्याकडे विळीला सुट्टी होती म्हणता, तर आदल्या दिवशी सगळी भाजी चिरून ठेवणारी कोण होती? तिला कधी होती सुट्टी? तुमच्या त्या पाटावर सायकलला फूल होतं. आईला होतं का?

खवचट
आता मजा आली.

मावळता
...नव्हतं.

दोन पिल्लांची आई
आता सांगते मडकं का ठेवलं. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. घट त्या बसवायच्या, नऊ दिवस धान्याला पाणी त्या घालायच्या, पोरांच्या टोप्यांत तुरे त्या खोवायच्या. या वर्षी घट मी बसवला तर मोठी एक शब्द बोलेना. म्हणून मडकं आणलं, निदान लिहील तरी. पहिल्या दिवशी तिने लिहिलं, 'आजीने पाटी दिली होती.' बास. तिसऱ्या दिवशी लिहिलं, 'आजी रागवायची नाही, नुसती बघायची.' 'आपल्याकडे होतंच' म्हणता, पण ते करणारं माणूस गेलं की काय करायचं, हे तुमच्या परंपरेत कुठे लिहिलंय? मी मला जमेल ते केलं. शिवाय आभार मोजून लिहिल्याने माणसं जास्त समाधानी राहतात हे मानसशास्त्रज्ञ एमन्स आणि मकलॉ यांनी २००३ मध्ये प्रयोग करून दाखवलंय.

उंबरठा
त्या प्रयोगांत दोन गट कॉलेजच्या मुलांचे आणि एक स्नायूंच्या आजाराच्या मोठ्या माणसांचा होता. चार वर्षांचं एकही नव्हतं. आणि श्रीखंड कोणाचंच काढून घेतलं नव्हतं.

दोन पिल्लांची आई
तुमच्यासारखी माणसं सुतकातही तळटीप देत असतील.

उंबरठा
तळटीप चुकीची आहे का ते सांगा.

एडिसनकर
उंबरठा, सोडा ना जरा. प्रत्येक ठिकाणी जिंकायचं नसतं.

शेंडेफळ
एक बाजूचा प्रश्न. कोजागरीला 'आश्विनी' म्हणून फक्त पहिल्या मुलाला ओवाळतात, नवीन कपडे त्याला, आटीव दुधाचा पहिला पेला त्याला. मी चौथी. वीस वर्षं ताटाशेजारी उभी राहून टाळ्या वाजवल्या. कृतज्ञतेच्या गप्पा मारता तर या अन्यायावर एक धागा काढा.

खवचट
पहिल्यामुळे तुम्हाला आई-बाबा शिकलेले मिळाले. त्याची ओवाळणी समजा.

शेंडेफळ
तुम्ही थोरले आहात. वासावरून कळतं.

मावळता
ताई, मावशींबद्दल मी न विचारता बोललो, ती माझी चूक. मडक्याबद्दलचंही मागे घेतो. सासूबाईंचं पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर मी हा धागा काढलाच नसता. पण श्रीखंडाचं मागे घेणार नाही. त्या पोराची आजीही गेली आणि श्रीखंडही.

दोन पिल्लांची आई
'लिहिलं असतंत तर.' म्हणजे दुःखाचा दाखला जोडल्याशिवाय आईला काही करायची परवानगी नाही. असो.

श्रीखंडाचं सांगते, कारण तुम्ही सोडणार नाही. दुपारी वाढलं नाही, हे खरं. चार वाजता मोठीने आपल्या वाटीतलं नेऊन त्याला भरवलं, पलंगामागे बसून. मी बघितलं आणि काही बोलले नाही. हे पोस्टमध्ये लिहिलं नाही, कारण मग शिस्तीचं सगळं खोटं ठरलं असतं. पुढच्या वर्षी गोडाची अट काढणार आहे. तुमच्यामुळे नाही.

वावर
ताई, हे लिहायचं होतं की पोस्टमध्ये. बाकीचं नसतं लिहिलं तरी चाललं असतं.

गुरुजी ७३
त्या मोठीला माझा आशीर्वाद सांगा. जेवण झाल्यावर 'अन्नदाता सुखी भव' म्हणायला लावायचो मी वर्गात, डबा खाल्ल्यावर. एकदा एक मुलगा म्हणाला, गुरुजी, डबा आईने दिलाय, मग घरी जाऊन म्हणू का? मी त्याला गप्प बसवलं होतं. घरी जाऊन म्हण, असं सांगायला हवं होतं.

आपटाप्रेमी
सगळं झालं असेल तर पानांकडे येऊ या का? ताई, पुढच्या वर्षी बाजारातला गठ्ठा आणू नका एवढी विनंती. माणशी एक पान पुरतं.

दोन पिल्लांची आई
आणत नाहीच. आमची पानं सोसायटीतल्या झाडाची असतात, सासूबाईंनी दाखवलेल्या. चारच तोडली होती. आणि तो आपटाच आहे, त्या दर वर्षी तिथूनच आणायच्या.

आपटाप्रेमी
चार म्हणजे उत्तम, आधीचे शब्द मागे. झाडाला फुलं कधी येतात? आपट्याची फिकट, पांढरट असतात, उन्हाळ्याच्या सुमारास.

दोन पिल्लांची आई
दिवाळीच्या पुढे-मागे. गुलाबी-जांभळी, मोठी. खाली सडा पडतो, पोरं वेचतात.

आपटाप्रेमी
कांचन आहे.

दोन पिल्लांची आई
सासूबाई आपटा म्हणायच्या.

आपटाप्रेमी
मग राहू द्या, आपटाच.