चालत फुटबॉल : धावला की चालला, ठरवायचं कसं?

सुरूबन
आम्ही अकरा जण रोज सकाळी चालत फुटबॉल खेळतो. तीन आठवडे मजेत गेले, आता रोज भांडण. "तू धावलास!" "नाही, भरभर चाललो!" काल दोघे चिडून घरी गेले. एकाचा घोटाही सुजलाय. लवकर सांगा, उद्या साडेसहाला पुन्हा जमायचंय.

खाडीकाठ
कुठे खेळता? वयं किती? जमीन कसली? काहीच लिहिलं नाहीत.

आंबेवाला
फुटबॉल सोडा, पोहायला जा. माझी कंबरदुखी त्यानेच थांबली.

टाचणी
पावसाळ्यात समुद्रात पोहायला सांगणार का त्यांना?
सुरूबन, नियम सरळ आहे : एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा. दोन्ही एकदम सुटले की ते धावणं, समोरच्यांना फ्री किक. धक्काबुक्की नाही, चेंडू डोक्याच्या वर नाही. 2011 साली इंग्लंडात चेस्टरफील्डला हा खेळ सुरू झाला तो उतारवयातल्यांसाठीच. खेळणाऱ्यांनी निवाडा करूच नये. तुम्ही अकरा, म्हणजे पाच-पाच आणि एक पंच. दर दहा मिनिटांनी पंच बदला.

सुरूबन
गुहागर. वयं 58 ते 74. किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांच्या कडेला, सावली असते म्हणून. अनवाणी.

खाडीकाठ
मग घोटा सुजणारच! तिथली वाळू कोरडी, पाय रुततो, पोटरी ओढली जाते. रुतलेला पाय उपसताना माणूस उसळी घेतो आणि तुम्हाला तो धावल्यासारखा दिसतो. ओहोटीला खालच्या ओल्या, घट्ट वाळूवर या. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ : चतुर्थीला 3, अष्टमीला 6. त्याच्या सहा तास मागेपुढे ओहोटी. अष्टमीच्या आसपास सकाळी सुट्टी घ्या.

माडबन
ओल्या वाळूला उतार असतो, एकाच गुडघ्यावर भार येतो. त्यापेक्षा सड्यावर, वरच्या सपाट कातळावर खेळा.

खाडीकाठ
सड्यावर जांभा दगड आहे. सत्तरीचा माणूस पडला तर? उतार असेल तर दर डावाला बाजू बदला.

वेंगुर्लेकार
अहो, घोटो सुजलो तर आधी डाक्टराक दाखवा, मगे चेंडू.

आंबेवाला
हा चेंडू केवढ्याला पडतो?

सुरूबन
उद्या द्वितीया, म्हणजे दीडला भरती, साडेसातला ओहोटी. सगळ्यांना फोन करून वेळ बदलली. पहिला पंच मी. घोटेवाल्याला घरी बसवलंय. एक राहिलं : आमच्यातल्या एकाची दोन वर्षांपूर्वी बायपास झालीय. तो दम लागला तरी थांबत नाही.

टाचणी
हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं! त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत त्यांना खेळवू नका. हो म्हणाले तरी आधी दहा मिनिटं सावकाश चालणं, आणि चालताना बोलता येईल इतकाच वेग. छातीत भरून आलं, चक्कर आली तर तिथेच थांबवा आणि दवाखान्यात न्या. उद्या शिट्टी त्यांच्याच हातात द्या.

सुरूबन
आत्ताच त्याच्या घरी जातो.