लहानपणी तुमच्याशी कोण बोलायचं?

पाऊलवाट
आज कपाट आवरताना चिंध्यांची बाहुली सापडली आणि खालीच बसले. घर एका खोलीचं, आई दोन पाळ्यांत कामाला. मला सांभाळायला ताई, ती स्वतः सात वर्षांची. माझ्यापायी तिचं शाळेचं एक वर्ष बुडालं. मला मात्र आठवतं ते भांडी घासताना चाललेलं आईचं बोलणं. "हे मोठं, हे लहान. आता ह्याचं झाकण शोध बघू." मी शोधायचे, चुकायचे, परत शोधायचे. पुढे बालवाडीत शिकवायला लागले तेव्हा कळलं, की शब्द आणि मोजमाप दोन्ही मला तिथेच मिळाले. पैशाची ओढाताण असलेल्या घरात मुलांचं काय अडतं, आणि कशाने निभावतं? तुमचंही लिहा.

कोरा कागद
आमच्या धाकट्याचा कान. सतत वाहायचा. कोंदट खोली, धूर, एकाची सर्दी सगळ्यांना. तीन वर्षांचा झाला तरी धड बोलेना, मग सगळे त्याला मठ्ठ म्हणायला लागले. मीही म्हटलंय. त्याला ऐकूच कमी येत होतं हो! तपासायला नेलं तेव्हा साडेचार वर्षांचा होता. उपचारानंतर कुकरची शिट्टी झाली तर दचकून आईला बिलगला. मूल बोलत नसेल तर आधी कान तपासा, कळकळीने सांगते.

सकाळची पाळी
+१. आणि मुलासमोर 'मठ्ठ' म्हणू नका. त्याला सगळं कळतं.

दंडपट्टी
मी घरोघर जाऊन मुलांचे दंड मोजते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंमीच्या आत असेल तर तीव्र कुपोषण, १२.५ च्या आत असेल तरी काळजीचंच. पण घरात अन्न असूनही मूल खंगलेलं असतं, हे लोकांना पटत नाही. पाणी खराब, वारंवार जुलाब, खाल्लेलं अंगी लागणार कसं? एका आईला मी "भरवत जा" म्हणून चार वेळा सुनावलं. पाचव्या खेपेला तिच्याकडे नीट पाहिलं. बाळंतपणानंतर ती स्वतःच कोमेजून गेली होती, मुलाकडे बघायचंही त्राण नव्हतं तिला. आधी तिला दवाखान्यात नेलं. ते माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला, अजून टोचतं.

कोरा कागद
@दंडपट्टी, पाचव्यांदा गेलात ना. ते महत्त्वाचं.

रात्रशाळा
खेळणी विकत आणायला हवीत असं कुणाला वाटत असेल तर जमैकाचं वाचा. १९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली वाढ खुंटलेली १२९ मुलं निवडली होती. त्यातल्या काहींच्या घरी दोन वर्षं दर आठवड्याला तासभर एक कार्यकर्ती जायची, टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन. आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवायची. वीस वर्षांनी पाहिलं तर ही मुलं त्या भेटी न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त कमावत होती. नुसता पोषक आहार मिळालेल्यांच्या कमाईत तसा फरक दिसला नाही. आहार लागतोच, पण तेवढ्याने भागत नाही.

खिडकीजवळ
टाकाऊ म्हणजे काय काय? माझी लेक दहा महिन्यांची आहे. सांगा ना कुणीतरी.

पाऊलवाट
बाटलीत बिया घालून खुळखुळा, पण झाकण घट्ट चिकटवा. पुठ्ठ्याची खोकी, एकात एक बसणारी. आणि समोर बसून बोलायचं, ती हुंकार देईल तेवढं थांबायचं.

तांबडा दिवा
वेगळंच सांगतो. वडील जुन्या बॅटऱ्या फोडायचे आणि त्याच कपड्यांत आम्हाला उचलून घ्यायचे. बॅटरीतलं शिसं लहान मुलांच्या अंगात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषलं जातं, हे कुणाला माहीत होतं? धाकटीला शाळेत लक्ष देणं कायम जड गेलं. शिशानेच, असं छातीठोक नाही म्हणता येणार. पण असं काम करणाऱ्यांनी कपडे बदलून, आंघोळ करून मगच मूल घ्यावं.

सकाळची पाळी
@पाऊलवाट ताईंची शाळा परत सुरू झाली का? मघापासून तेच डोक्यात आहे.

पाऊलवाट
झाली, दहावीपर्यंत शिकली. आत्ताच फोन केला तिला. म्हणाली, "झाकणांचा खेळ आईचा नव्हताच, माझा होता. आई त्या वेळी कामावर असायची." मी इतकी वर्षं आईचा समजत होते.

सकाळची पाळी
त्यांना माझा नमस्कार सांगा.